दुसऱ्यांच्या सीनमध्ये सामील होताना: माझा अनुभव

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ २००४ सालापासून चालू आहे आणि त्याचे काही सर्व्हर रोलप्लेसाठी, म्हणजे आपल्या पात्राच्या (कॅरेक्टरच्या) भूमिकेत राहून इतरांबरोबर गोष्ट रंगवण्यासाठी, ओळखले जातात. युरोपातला आर्जेंट डॉन हा त्यांपैकीच एक. मी पुण्यातून तिथे खेळतो. तिकडे संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात, त्यामुळे तिथल्या गर्दीच्या वेळी हजर राहायचे तर झोपेचा हिशेब आधीच करून ठेवावा लागतो. माझे कॅरेक्टर म्हणजे खेळातल्या लॉर्डेरॉन या राज्याच्या पाडावानंतर परागंदा होऊन स्टॉर्मविंड या शहरात आलेला एक सुतार. त्याची हकिगत मी महिनाभर मनात घोळवली होती. ती अनोळखी माणसांच्या हकिगतीत कशी मिसळायची, याचा मात्र मी विचारच केला नव्हता.

स्टॉर्मविंडच्या ओल्ड टाउन भागात पिग अँड व्हिसल नावाची टॅव्हर्न आहे. पहिल्या रात्री तिथे एका टेबलाभोवती तीन कॅरेक्टर बसली होती आणि त्यांतली एक स्त्री हलक्या आवाजात पत्र वाचून दाखवत होती. त्यांचे इमोट, म्हणजे कॅरेक्टर काय करते आहे ते सांगणाऱ्या ओळी, नारिंगी अक्षरांत माझ्याही पडद्यावर उमटत होते, म्हणून हा सीन सर्वांसाठीच आहे असे मी धरून चाललो. मी धावतच आत शिरलो, 'तिच्या हातातले पत्र हिसकावून घेतो आणि मोठ्याने वाचू लागतो' असे लिहिले आणि वर तिला नावाने हाक मारली. चॅट एकदम थांबला. थोड्या वेळाने त्या स्त्रीच्या खेळाडूचा व्हिस्पर, म्हणजे फक्त मलाच दिसणारा खासगी संदेश, आला. त्यात राग नव्हता. त्या पत्रापर्यंत पोहोचायला त्या तिघांना कित्येक रात्री लागल्या होत्या, ते तिच्या हातातून सुटले की नाही हे तिने ठरवायचे होते आणि त्या टॅव्हर्नमध्ये तिचे नाव कोणालाही ठाऊक नव्हते, एवढेच त्यात लिहिले होते. नाव मी 'टोटल आरपी ३' या ॲडऑनमधल्या (खेळाला जोडायच्या पूरक प्रोग्रॅममधल्या) तिच्या प्रोफाइलवर वाचले होते. सुताराला ते कळण्याचा काही मार्गच नव्हता. मी क्षमा मागितली आणि सुताराला चालत बाहेर नेले.

ओसरीवर चार माणसे बोलत बसलेली असली, तर येणारा माणूस पायरीशी क्षणभर थांबतो आणि बोलण्याचा रोख पाहूनच पुढे होतो. ती ओसरी रस्त्यावरून दिसते म्हणून तिथल्या बोलण्याची सूत्रे वाटसरूच्या हाती जात नाहीत. हे मला घरीदारी कळत होते, पण पडद्यासमोर बसल्यावर सुचले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

पुढचा आठवडाभर मी फक्त वाचत राहिलो. जाणते खेळाडू शहरात धावत नाहीत. चालण्याची कळ दाबून सावकाश येतात, कारण रोलप्लेमध्ये धावणे म्हणजे खरोखरच धावणे. ते प्रोफाइलमधला 'सध्या' हा रकाना आधी वाचतात, कारण अनोळखी माणसाने येऊन बोललेले चालेल की नाही, हे पुष्कळ जण तिथेच लिहून ठेवतात. कॅरेक्टरचे नसलेले, स्वतःचे बोलणे ते दुहेरी कंसात टाकतात आणि तेही मोजके. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते इमोटचे क्रियापद. 'हिसकावतो' या शब्दाने समोरच्याचे उत्तर आपणच लिहून टाकलेले असते, तर 'हात पुढे करतो' असे लिहिले की पुढचे त्याच्यावर सोडलेले असते. मारामारीच्या सीनमध्ये तर हा फरक पाळला नाही, तर कोणी दुसऱ्यांदा आपल्याबरोबर खेळायला उभे राहत नाही, आणि ते योग्यच आहे.

त्यानंतर एका शनिवारी तीच तिघे पुन्हा त्याच टेबलाशी दिसली. या वेळी मी आधी व्हिस्पर केला: मागच्या वेळचा सुतार मीच, शेजारच्या टेबलाशी बसलो तर चालेल का, आणि तुमच्या गोष्टीत मी आपण होऊन हात घालणार नाही. उत्तर आले की अवश्य बसा, मात्र पत्राचा विषय आमच्यापुरता राहू द्या. मग सुतार चालत आत आला, त्याने एक तिवई उलटी केली आणि लिहिले, 'पाय डुगडुगतो आहे हे पाहून खिशातून पाचर काढतो.' हे वाक्य मी मुद्दाम निवडले होते. त्याकडे दुर्लक्ष केले तरी कोणाचे काही अडत नव्हते आणि बोलावेसे वाटलेच, तर निमित्त तयार होते. एका संदेशात २५५ अक्षरे मावतात. मोठा इमोट लिहायला माणसाला दोन-तीन मिनिटे सहज लागतात. तिघांचेही लिहून होईपर्यंत मी दुसरी ओळ टाकली नाही. तशा दोन फेऱ्या गेल्या. वाट पाहणे कठीण जात होते, कारण घड्याळात दीड वाजून गेला होता.

तिसऱ्या फेरीत त्या स्त्रीने मान वळवली. 'आमच्या टेबलाचाही एक पाय असाच आहे,' ती म्हणाली. सुताराने परवानगी विचारली, वाकून पाचर बसवली आणि पैसे नको म्हणून सांगितले. तेवढ्यावर तो उठला. निघतानाही मी एका ओळीचा इमोट लिहिला, म्हणजे त्यांना त्यांचा धागा पुन्हा उचलता यावा. दारापर्यंत पोहोचलो, तेव्हा मागून पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे कॅरेक्टरच्या तोंडच्या बोलण्याच्या रंगात, तिची ओळ आली. तिने सुताराचे नाव विचारले आणि त्याने ते सांगितल्यावर आपलेही सांगितले.