माझा अनुभव : ‘पिकाचे नाव निवडा’

शेतीसल्ल्याच्या सरकारी ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘पिकाचे नाव निवडा’ असं लिहिलेल्या चौकोनावर मी निदान चाळीस वेळा बोट टेकवलं असेल. टेकवलं की यादी उलगडायची. भात, काजू, नारळ, सुपारी, आंबा, ऊस, मिरची, वांगी. फुलांत गुलाब, झेंडू, शेवंती. संपलं. तळाशी ‘इतर’ असेल म्हणून खाली सरकवत गेले, तर तेही नाही. मला विचारायचं होतं अबोलीबद्दल. म्हार्दोळला देवळाबाहेर बायका अबोलीच्या फात्या, म्हणजे गजरे, घेऊन बसतात, आमच्याकडे लग्नमुंजीत वेणीत अबोली नसली तर चुकल्यासारखं वाटतं, आणि गोव्यासाठीच्या या यादीत ऊस आहे पण अबोली नाही.

प्रश्न साधा होता. घरामागे माझी अकरा झाडं आहेत. सहा पेडण्याची, माहेराहून आणलेली. पाच फोंड्याच्या एका नर्सरीतली. माहेरच्या झाडांना दरवर्षी बी धरतं, पावसात आपसूक रोपं येतात, मी ती शेजारी वाटते. नर्सरीतल्या झाडांचं फूल मोठं, रंग गडद, बहर जवळपास वर्षभर. पण दोन वर्षांत एक बी नाही. तुरा सुकतो, चुरडला की नुसता भुसा. माझं काय चुकतं, एवढंच हवं होतं.

आधी अर्थातच गूगल. मराठीत ‘अबोली’ टाकलं तर एका मालिकेचे भाग आणि अबोली रंगाच्या साड्या. ‘अबोली लागवड’ टाकलं तर व्हिडिओ. ताक घाला, केळीच्या साली घाला, चहाचा चोथा घाला, ‘आठ दिवसांत फुलांचा पाऊस’. इंग्रजीत तिला फायरक्रॅकर फ्लॉवर म्हणतात, ते टाकलं तर निम्म्या चित्रांत लाल नळीसारखी लोंबणारी फुलं. ती रसेलिया, आमच्या शेजाऱ्यांच्या कुंपणावर आहे. तिलाही इंग्रजीत फायरक्रॅकर प्लांटच म्हणतात. उरलेली पानं अमेरिकेतली. कुंडी हिवाळ्यात घरात घ्या, तापमान अमुक फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्याचं काय करायचं ते कोणी सांगेना. आणि सगळ्यांचं एक वाक्य मात्र ठरलेलं : बिया गोळा करून पेरा. अहो, बिया कुठे आहेत?

म्हणून म्हटलं, सरकारी ठिकाणी विचारू. संस्थेचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. वाईट होता तो फॉर्म.

नोंदणीला मोबाइल नंबर, मग ओटीपी. ओटीपी यायला लागायची सहा मिनिटं आणि तो चालायचा पाच. तो टप्पा दुसऱ्या दिवशी पहाटे पार पडला. पुढे तालुका, गाव, सर्व्हे नंबर, आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, जोडा. परसातल्या अकरा झाडांसाठी एक-चौदा! उतारा सासऱ्यांच्या नावावर, अर्जदार मी. भाच्याने उतारा स्कॅन करून दिला, तर फाइल दोनशे केबीच्या वर. ती लहान केली तर अक्षरं दिसेनात, पण फॉर्मने ती आनंदाने घेतली. मग क्षेत्रफळ, हेक्टरमध्ये. शून्य चालत नाही. शेवटी ०.०१ टाकलं तेव्हा पुढे गेला. ०.०१ हेक्टर म्हणजे शंभर चौरस मीटर. सरकारदरबारी मी आता अबोलीची बऱ्यापैकी बागायतदार आहे.

नाही, अबोलीची नव्हे. शेवंतीची. कारण पीक निवडल्याशिवाय ‘सादर करा’ हे बटण हिरवं होत नव्हतं. शेवंती निवडली आणि ‘समस्येचे वर्णन’ या रकान्यात शुद्ध मराठीत लिहिलं की पीक प्रत्यक्षात अबोली आहे, यादीत नसल्यामुळे शेवंती निवडली आहे. सादर केलं. समोर आलेल्या पावतीवर माझ्या वर्णनाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. देवनागरी त्याला पचत नव्हती. परत सगळं, ओटीपीपासून, या वेळी इंग्रजीत. टोकन नंबर मिळाला. स्थिती : प्रक्रियेत.

तीन आठवडे ‘प्रक्रियेत’. मी सकाळी चहाआधी स्थिती बघायची आणि रात्री झोपताना. नवरा म्हणाला, तू पोराच्या दहावीच्या निकालाला एवढी वाट बघितली नव्हतीस. बाविसाव्या दिवशी उत्तर आलं. शेंडे खुडा म्हणजे फांद्या फुटतील, दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरतील. शेवंतीसाठी उत्तम सल्ला. शेवंतीला खरंच लहान दिवस लागतात. पण मी शेवंती लावलेलीच नाही!

मग प्रत्यक्ष गेले, फोंड्याहून दोन बस बदलून. खिडकीतल्या मुलाने सगळं ऐकून घेतलं, माझ्यासमोर संगणकावर यादी उघडून पाहिली आणि मनापासून म्हणाला, “बाय, सिस्टमात ना. तुमी झेंडू घालून पळयात.” म्हणजे सिस्टममध्ये नाही, झेंडू टाकून बघा.

त्या तीन आठवड्यांत चिडून चिडून मी जे शोधलं, त्यातून काम झालं. कोणाला असंच काही शोधायचं असेल तर सांगते, जसं आठवेल तसं.

किल्ली मिळाली ती वैज्ञानिक नावात. फ्लॉवर्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर झाडांची मराठी, कोकणी आणि बाकीच्या भारतीय भाषांतली नावं एका जागी देतात. तिथून क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस हे नाव उचललं. अर्थ नरसाळ्याच्या आकाराची. ते रोमन अक्षरांत टाकल्याबरोबर साड्या, मालिका आणि चहाचा चोथा एका फटक्यात गायब! मग लंडनच्या क्यू उद्यानाचं प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन. २०१७ पासूनचं हे ठिकाण नावाची खातरजमा करायला पक्कं. झाडाचं आज मान्य असलेलं नाव, जुनी टाकलेली नावं, मूळ प्रदेश, सगळं मिळतं. जुनी नावं लिहून ठेवा, फार उपयोगी पडतात. अबोलीचं एक जुनं नाव क्रॉसँड्रा अनड्युलिफोलिया. आपल्याकडची जुनी पुस्तकं आणि कृषी विद्यापीठांतले कागद त्या नावाने भरलेले आहेत. नवं नाव टाकून ते सापडत नाहीत. आणि अबोली अडुळसा-कोरांटीच्या कुळातली, हेही मला याच फेरीत कळलं. इतकी वर्षं तिन्ही झाडं एका परसात आहेत.

पण क्यूकडेही माझं उत्तर नव्हतं, आणि का नव्हतं हे समजायला मला आठवडा लागला. ही ठिकाणं जातीपाशी थांबतात, स्पीशीजपाशी. माणसाने निवडून, संकर करून वाढवलेले वाण हा त्यांचा प्रांतच नाही. वाणांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय नियमग्रंथ वेगळा, तो पहिल्यांदा १९५३ मध्ये आला, आणि वाणाचं नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहायचं हा त्यातलाच नियम. ती दोन टिकल्यांसारखी चिन्हं कुठल्या पानावर दिसली की समजायचं, लिहिणाऱ्याला कोणत्या झाडाबद्दल बोलतोय ते माहीत आहे. नसली तर तो ‘अबोली’ नावाच्या सगळ्याच झाडांबद्दल मोघम बोलतोय. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकून बघितला. नाव लगेच मिळालं, पण लावलेलं झाड म्हणून नोंद करावी लागते आणि मग ती ‘कॅज्युअल’ खात्यात जाते, संशोधनाच्या दर्जाची होत नाही. त्यांचं बरोबरच आहे, त्यांना रानातलं हवं असतं. एवढंच की बागेतल्या झाडाला सगळीकडे सावत्र वागणूक.

उत्तर निघालं तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठाच्या ॲग्रिटेक पोर्टलवर. मदुराईकडे ज्यांचा फुलांचा धंदा आहे त्यांना अबोलीचं महत्त्व सांगावं लागत नसणार. तिथे अबोलीचे वाण वेगवेगळे दिलेले आहेत, आणि त्यात एक ‘दिल्ली’. लागवड बियांनी नव्हे, छाट कलमांनी. मी दोनदा वाचलं. मग कृषिकोश उघडलं. देशभरच्या कृषी विद्यापीठांतले प्रबंध तिथे ठेवलेले असतात, फुकट वाचता येतात. अबोली, दिल्ली आणि ट्रिप्लॉइड असे तीन शब्द टाकले. दिल्ली अबोलीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. तीनची सरळ वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. आपलं खायचं केळं बिनबियांचं असतं, त्यातही बहुतेक हेच कारण. मी दोन वर्षं ज्याला माझी चूक समजत होते तो त्या झाडाचा स्वभाव होता.

आणि मग आठवलं. झाडं घेताना मी नर्सरीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं होतं, बी कधी धरेल? तो हसून म्हणाला होता, “बी कित्याक जाय गो? फांटी लाय.” म्हणजे बी कशाला हवं, फांदी लाव. मला वाटलं, झाडं खपवायची म्हणून टाळतोय.

खात्री मी घरीच केली. दोन्हीकडचे सुकलेले तुरे दोन वाट्यांत ठेवून वर चमचाभर पाणी सोडलं. पहिल्या मिनिटात काही नाही. मग माहेरच्या वाटीत टिक, टिक, आणि एक बी उडून थेट माझ्या चष्म्यावर. भिजली की बोंडं फुटतात. इंग्रजीतला तो फटाका आला असणार तो यातूनच. नर्सरीची वाटी पंधरा मिनिटं बघत बसले. ओला भुसा, दुसरं काही नाही.

हो, एक राहिलं. शोधताना वैज्ञानिक नावापुढे रोमन अक्षरांत ‘साइट’, कोलन, ‘एसी डॉट इन’ असं टाकलं की फक्त शिक्षणसंस्थांची पानं येतात. हे भाच्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी तिसऱ्या आठवड्यात ऐकलं. परदेशी पानांत मिसुरी बोटॅनिकल गार्डनचं प्लांट फाइंडर नेटकं आहे, पण ते तिथल्या हवेसाठी. पाणी आणि उन्हाचं त्यांचं काही आपल्या परसात तसंच्या तसं आणू नका. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनेही अबोलीचे वाण काढले आहेत, ‘अर्का अंबरा’, ‘अर्का कनका’, म्हणजे मोठं फूल दिसलं की ते ‘दिल्ली’च, असंही धरून चालू नका. माझं कुठलं हे नर्सरीवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, “दिल्लीच ती. सांगूंक ना गो तुका?” नव्हतं सांगितलं. पण आता मी त्याच्याशी वाद घालत नाही.

आणि अबोली पिवळी पडून एकेक झाड मरायला लागली तर खत ओतण्याआधी एक उपटून मुळं बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत, आहेत, अबोलीला त्यांचा फार उपद्रव. त्याच तमिळनाडूच्या पानावरून हे कळलं. माहेरच्या सहातलं एक मी असंच घालवलं, मुळं मोहरी पेरल्यासारखी गाठाळलेली. ती जागा सोडून दिली आणि तिथे झेंडू लावला.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर ‘दिल्ली’च्या बारा फांट्या लावल्या, बोटाएवढ्या, खालची पानं काढून, निम्मी वाळू निम्मी माती. नऊ जगल्या. बारांतली तिसरी लावत होते तेव्हा फोन वाजला, हात मातीचे, भाच्याने वाचून दाखवलं : ‘आपली शेवंतीबाबतची समस्या समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. कृपया पाचपैकी तारे द्या.’