हात आधी, पाय मागून: सिएनाच्या १६१०च्या पोथीतली तलवार

इटलीत जुन्या तलवारबाजीच्या तालमीला ‘साला द’आर्मे’ म्हणतात. इथे रेपियर, म्हणजे लांब, सरळ, भोसकायची तलवार, शिकायची असेल तर रिदोल्फो कापोफेर्रोचा १६१०चा ग्रंथ सुरुवातीला बरा. हे गुरुजी इटलीतल्या सिएना शहरात शिकणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांना तलवार शिकवत.

पहिली अडचण लिपीची. जुन्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘स’ (s) जवळजवळ ‘फ’सारखा (f) दिसतो, त्यामुळे ‘स्पादा’ (तलवार) चक्क ‘फ्पादा’ वाचली जाते. मोडीशी झटापट केलेल्यांना याचं फारसं काही वाटणार नाही.

तलवारीचं माप ग्रंथातच आहे: हाताच्या दुप्पट, म्हणजे उभं राहिल्यावर तळपायापासून काखेपर्यंत. सरावाची तलवार साधारण एक ते सव्वा किलोची, टोकाला रबरी बोंडी. तर्जनी आडव्या दांडीवरून पुढे पात्याला लपेटायची, तरच टोक ताब्यात राहतं. जाळीचा मुखवटा, जाड कोट आणि गळ्याचं कवच यांत काटकसर नको.

आता मुख्य डाव, लांब झेप. चित्रात ती पूर्ण झालेली दिसते: उजवा गुडघा वाकलेला, डावा पाय ताठ, डावा हात मागे फेकलेला. नवखा चित्राची नक्कल करतो आणि तिथेच फसतो, कारण चित्रात शेवट दिसतो, क्रम दिसत नाही. आधी हात पूर्ण लांब, मग धड पुढे झुकतं, सर्वांत शेवटी पाय. पाय आधी पडला की छाती समोरच्याच्या टोकापुढे जाते आणि आपली तलवार अजून मागेच असते. परतताना आधी डोकं मागे, त्यामागून धड, मग पाय.

झेपेआधी समोरच्याचं पातं ताब्यात घ्यायचं. याला ‘स्त्रिंजेरे’ म्हणतात. आपल्या पात्याचा मुठीकडचा जाड भाग त्याच्या टोकाकडच्या लवचीक भागावर आणायचा. दाबायचं मात्र नाही. जोर लावला की समोरचा स्वतःचं टोक खालून पलीकडे काढतो (‘कावात्सिओने’), आणि आपली तलवार रिकाम्या हवेत खाली जाते. हे टोक काढणं मनगट आणि बोटांचं काम. मूठभर जागेत वळतं तेच उपयोगी. कोपर हलला तर समोरच्याला आयती सवड मिळते.

दांडपट्टा खेळणाऱ्यांचं खरं अडतं ते इथेच. पट्ट्याची मूठ मनगट जखडते, वार खांद्यातून निघतो. ती सवय घेऊन रेपियर धरली की हात बाजूला उघडतो, आणि तेवढ्यात भोसक बसते. अशांना आधी महिनाभर भिंतीवर रुपयाएवढी खूण करून, खांदा न हलवता तिच्याभोवती नुसतं टोक फिरवायला लावावं.