झोपण्याआधीची १५ मिनिटं

दिवस संपला. आता जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीचं आत्मपरीक्षण: आधी आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, तासातासाने दिवस चाळायचा, क्षमा मागायची, उद्याचा निश्चय करायचा. बहुतेकांचं घोडं तिसऱ्या पायरीवर अडतं. पापांची यादी होते आणि खोटा 'मी', म्हणजे लोकांच्या कौतुकावर जगणारा आपला मुखवटा, त्या यादीवरही खूश! त्यापेक्षा पाहावं, आज बढाई कुठे मारली? कुणी दखल घेतली नाही तेव्हा कुठे झोंबलं?

बायबलमध्ये मत्तय ३:१७ मधली 'माझा परमप्रिय पुत्र' ही देवाची वाणी येशूने एकही चमत्कार करण्याआधीची आहे; म्हणजे ते प्रेम काही करून दाखवून कमवलेलं नव्हतं. आणि ४:३ मध्ये सैतान लगेच पुरावा मागतो, पुत्र असशील तर धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. आपला खोटा 'मी'ही असाच पुरावा द्यायला धावतो.

निश्चय मात्र लहानच ठेवा: उद्याच्या मीटिंगमध्ये श्रेय सहकाऱ्याचं असेल, तर त्याचं नाव घ्यायचं.