माझा अनुभव: पीव्हीए-कायटोसान फिल्म आणि सोलापूरचा उन्हाळा

सोलापूरच्या यंत्रमागवाल्यांना पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, सुताच्या खळीतला घटक म्हणून ओळखीचा. तोच कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानमध्ये मिसळून पारदर्शक फिल्म करायची, तर द्रावण बनवणं सोपं. खरी गाठ पडते सुकवताना, त्यातही एप्रिल-मेमध्ये.

पीव्हीए मी 98-99 टक्के हायड्रोलाइज्ड (म्हणजे ज्यातले ॲसिटेट गट जवळपास सगळे काढलेत असा) घेतो. 87-89 टक्केवाला लवकर विरघळतो खरा, पण नंतर फिल्मही पाण्यात तितक्याच लवकर विरघळते. 4 ग्रॅम भुकटी 100 मिली थंड डिस्टिल्ड पाण्यात ढवळत भुरभुरवायची, दहा मिनिटं फुगू द्यायची, मग 90 अंशांवर तासभर. थेट गरम पाण्यात टाकली तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात: बाहेरून जेल, आत कोरडी भुकटी. बीकर झाकून ठेवा. आधी वजन करून ठेवलं असेल तर उडालेलं पाणी शेवटी नेमकं भरता येतं. बोअरचं पाणी इथे चालत नाही, क्षार सुकताना पांढरे ठिपके सोडतात.

कायटोसान 1 ग्रॅम, 1 टक्का ॲसेटिक ॲसिडच्या 100 मिली द्रावणात, रात्रभर ढवळत. न विरघळलेला गाळ मलमलीतून गाळायचा. पीव्हीए कोमट झाल्यावर दोन्ही एकत्र करून दोन-तीन तास हळू ढवळायचं. जोरात ढवळलं की हवा शिरते. मग बुडबुडे जाईपर्यंत झाकून ठेवायचं.

प्रमाण लिहिताना मात्र घोळ होतो. वरचे 100-100 मिली मिसळले की वजनाने पीव्हीए-कायटोसान 80:20 मिळतं. कुणी 80 मिली आणि 20 मिली घेऊन 80:20 लिहिलं, तर वजनाने ते 94:6 असतं. ‘कायटोसान वाढवूनही फरक दिसेना’ अशा तक्रारीत बऱ्याचदा हेच निघतं.

आता ओतणं. 9 सेंमी व्यासाच्या डिशचं क्षेत्रफळ सुमारे 63 चौरस सेंमी. मिश्रण 2.5 टक्के, म्हणजे 25 मिलीत 0.625 ग्रॅम घन पदार्थ, घनता 1.27 च्या आसपास धरली तर फिल्म 75-80 मायक्रॉनची होते. डिश पॉलिस्टायरिनची घ्यावी, काचेला कायटोसान घट्ट चिकटतं. खाली पाणसळ लावून टेबल तपासा. थर जेमतेम 4 मिमी, टेबल किंचित कललं तरी फिल्म एका कडेला जाड होते.

उन्हाळ्यात खोलीतच पारा 38-40 ला असतो आणि हवा कोरडी. उघड्या डिशवर काही तासांत साय धरते, खालचं पाणी अडकतं, फिल्म सुरकुतते आणि कडेने सुटून पापडासारखी वळते. पंखा चालू असेल तर आणखी लवकर. त्यामुळे डिशवर टाचणीने भोकं पाडलेला फिल्टर पेपर, पंखा बंद, आणि दोन-तीन दिवस वाट. पावसाळ्यात उलटं: फिल्म सुकल्यासारखी दिसते, पण हवेतला ओलावा धरून लवचीक राहते. पाणी इथे प्लॅस्टिसायझरचं, म्हणजे फिल्म मऊ-लवचीक करणाऱ्या पदार्थाचं काम करतं, म्हणून एप्रिलची ताणशक्ती (ओढल्यावर तुटेपर्यंत सोसलेला ताण) आणि जुलैची ताणशक्ती शेजारी मांडण्यात अर्थ नाही. निळ्या सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये 24 तास ठेवून मगच मोजायचं. ताणासाठी पट्ट्या ब्लेडने कापा. कात्रीने कडेला पडलेल्या बारीक चिरा तिथूनच फिल्म फाडतात.

प्रकाशीय मोजमापात पारगमन, म्हणजे फिल्ममधून आरपार जाणारा प्रकाश, 92 टक्क्यांपुढे जात नाही म्हणून अनेकजण नमुन्याला दोष देतात. अपवर्तनांक 1.5 च्या आसपास असला की दोन पृष्ठभाग मिळून सुमारे 8 टक्के प्रकाश परततोच. शोषण गुणांक 2.303 गुणिले ॲब्सॉर्बन्स (फिल्मने किती प्रकाश अडवला याचं यंत्राने दिलेलं माप) भागिले जाडी. जाडी सेंटिमीटरमध्ये, मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजून. जाडी चुकली तर गुणांक चुकतो. टाउक आलेखातला (शोषण गुणांक आणि प्रकाशाची ऊर्जा यांवरून काढलेल्या आलेखातला) बँड गॅप, म्हणजे पदार्थ जिथून प्रकाश जोरात शोषू लागतो ती ऊर्जा, मात्र नुसत्या जाडीच्या चुकीने हलत नाही, कारण अख्खी रेषा एकाच पटीत वर-खाली होते, छेदबिंदू तोच राहतो. तो हलतो दोन कारणांनी. एक, सरळ रेषा कुठल्या भागावरून ओढली. दुसरं, नमुना खरोखरच जाड असला तर ॲब्सॉर्बन्स 3 च्या वर जाऊन यंत्र सपाट रेषा देतं, शोषण एकदम वाढतं ती कड लांब तरंगलांबीकडे सरकल्यासारखी दिसते आणि बँड गॅप कमी निघतो. म्हणून सगळे नमुने एकाच जाडीचे हवेत. नाहीतर ‘मिश्रणाने बँड गॅप घटला’ हा निष्कर्ष फक्त जास्त ओतल्याचा असू शकतो.

फिल्म जखमेवर लावायची असेल तर वेगळी पायरी आहे. ॲसिड शिल्लक असलेली फिल्म पाण्यात फुगून फाटते. 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास, मग धुवणीचा पीएच 7 येईपर्यंत डिस्टिल्ड पाणी. फुगवटा पीएच 7.4 च्या बफरमध्ये 37 अंशांवर मोजायचा, वजनाआधी फिल्टर पेपरने वरवरचं पाणी टिपून. ग्लुटारल्डिहाइडने क्रॉसलिंक केलं, म्हणजे रेणूसाखळ्या एकमेकींना जोडल्या, तर फिल्म पिवळी पडते आणि उरलेलं रसायन पेशींना घातक. पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 10993-5 नुसार पेशींची जिवंतता 70 टक्क्यांखाली गेली की नमुना विषारी ठरू शकतो, आणि तेवढं व्हायला धुताना राहिलेलं ॲसिडही पुरतं. कल्चर माध्यमाचा (पेशी वाढवायच्या द्रवाचा) गुलाबी-लाल रंग फिल्म टाकताच पिवळा पडला, तर चाचणी तिथेच थांबवून नमुने परत धुवायला घ्यावेत.