हळद, सोडा आणि हरिपूरचं पेव

सांगलीच्या मार्केट यार्डातले एक हळद व्यापारी माझ्या बाटिकच्या, म्हणजे मेणाने नक्षी झाकून कापड रंगवण्याच्या, कारखान्यात आले. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला स्टोल हवे होते आणि रंग सांगलीच्या हळदीचाच पाहिजे होता. 2018 मध्ये आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान त्यांच्या शब्दाशब्दात होता. मलाही तो आहेच. तरी म्हटलं, "काका, हळदीचा रंग कच्चा. आधी नमुना बघा, मग ठरवा."

सुती कापडावर मेणाने वेल काढला. पॅराफिनमध्ये मधमाशांचं मेण घालावं लागतं, नुसतं पॅराफिन फार तडकतं. रंग मात्र थंडच हवा, नाहीतर मेण वितळतं. हळदीचा काढा उकळून, गाळून, निववून ठेवलेला होता. कापड बुडवून काढलं तर असं पिवळंधमक, की काकांचा चेहरा खुलला.

मग मेण उतरवायला उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि कापड आत सोडलं. मेण वर तरंगायला लागलं आणि पिवळ्याचं बघता बघता तांबडं झालं! हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तेच इथे सोड्याने केलं. स्वच्छ पाण्यात खळबळल्यावर पिवळं परतलं, पण फिकं, डागाडागांचं. दुसरा तुकडा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून गच्चीवर उन्हात ठेवला होता. संध्याकाळी काका परत आले तेव्हा त्याची उघडी बाजू पार उतरली होती.

"म्हणजे आमची हळद खोटी?" त्यांना खरंच लागलं.

"हळद अस्सलच. कापडावर टिकणं हा तिचा गुण नाही, एवढंच."

मी डाळिंबाच्या सालीत रंगवलेला स्टोल पुढे ठेवला. आटपाडीकडची डाळिंबं, रसवाल्यांकडे फेकून जाणारी साल आम्ही वाळवून घेतो. तुरटीवर तिचा उबदार पिवळा येतो, हिराकस (लोखंडाचा क्षार) घातला की शेवाळी. हळदीपेक्षा तो ऊन आणि धुणं कितीतरी जास्त सोसतो.

"छान आहे. पण यात सांगली कुठे?"

प्रश्न रास्त होता. इंडोनेशियाच्या बाटिकला युनेस्कोने 2009 मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला, कारण तिथल्या नक्षीत तिथलं जगणं आहे. तिची नक्कल करून आपलं बाटिक होणार नाही, असं मला मनापासून वाटतं. मी म्हटलं, "सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं नक्षीत काढू."

काका खुर्ची ओढून बसले. हळद साठवायचे ते जमिनीतले खड्डे, 2005 च्या महापुराने केलेलं नुकसान, पेव उघडल्यावर आत आधी कंदील सोडायचा आणि तो विझला तर माणूस उतरवायचा नाही, सगळं सांगत राहिले. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली. "तोंड एवढं रुंद नसतं, ताई. एक माणूस जेमतेम उतरेल एवढंच. पोट मात्र मोठं."

ऑर्डर त्या चित्रावर ठरली. सध्या काम चालू आहे. पेवाच्या पोटात मातीसारख्या भेगा दिसाव्यात म्हणून तेवढ्या भागाला पॅराफिन जास्त घेतोय आणि उकळून निघालेलं मेण गाळून पुढच्या स्टोलला वापरतोय.