गळाला लागला तो बर्बॉट

गळ टाकला होता वॉलआय नावाच्या माशासाठी. तळं गोठलेलं असलं तरी दिवस मावळतीला लागला की वॉलआय खायला बाहेर पडतो, त्यामुळे गिरमिटाने पाडलेल्या भोकाशी मी त्याच वेळेला बसले होते. खाली पाणी सातेक मीटर. अंधारात चमकणारा गळ, त्याला छोट्या माशाचं मुंडकं. गळ तळावर हलकेच आपटायचा, थोडा वर घ्यायचा, थांबायचं.

वॉलआयने तोंड लावलं की हाताला टक्कन कळतं. या वेळी तसं काही झालं नाही, दोर नुसता जड झाला. मग खालून ओढ सुरू झाली, घाईची नव्हे, दमाने. मासा भोकाच्या तोंडाशी आला तेव्हा टॉर्चच्या उजेडात आधी दिसली हनुवटीवरची एकच मिशी, आणि माझी छाती धडधडायला लागली. बर्बॉट!

रुंद चपटं डोकं, पिवळट तपकिरी अंगावर काळपट नक्षी, खवले इतके बारीक की कातडी नुसती बुळबुळीत लागते. मागचं अर्धं अंग वामीसारखं लांब. हातात धरल्याबरोबर त्याने शेपटीचा मनगटाला वेढा घातला. याच वेढ्यामुळे पुष्कळांना हा मासा किळसवाणा वाटतो. कचरा मासा म्हणून त्याला बर्फावर तसाच टाकून देणारेही मी पाहिलेत. मला त्याचा मनापासून राग येतो.

कारण हिवाळा खरा कोणाचा असेल तर तो याचा. कॉड माशाच्या गोतावळ्यातले बाकीचे समुद्रात राहतात, सगळं आयुष्य गोड्या पाण्यात काढणारा हा एकटाच. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1758 मध्ये त्याला कॉडच्याच प्रजातीत घातलं होतं. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून वर बर्फ धरला तरी तळाशी त्या मानाने उबदार पाणी टिकतं. बाकीचे बरेच मासे तिथे सुस्तावून राहतात आणि बर्बॉटची मात्र वीण सुरू होते. भर हिवाळ्यात, बर्फाखाली, रात्री. पुष्कळ मासे एकत्र येऊन एकमेकांत गुंतून वळवळतात. मोठी मादी दहा लाखांवर अंडी सोडू शकते. विणीच्या दिवसांत हे मासे बर्फाखाली आवाजही काढतात. कॅनडात केलेली त्यांची ध्वनिमुद्रणं 2014 च्या एका शोधनिबंधात आली आहेत. आपण वर बसलेलो असतो आणि पायाखाली हे चाललेलं असतं!

इतकी अंडी घालूनही तो सगळीकडे तगला असं नाही. इंग्लंडच्या नद्यांमध्ये हा मासा होता. तिथे तो पकडल्याची शेवटची नोंद 1969 ची आहे.

माझ्या हातातल्या माशाचं पोट टम्म फुगलेलं होतं. अंड्यांवर आलेली मादी. ठेवायचा प्रश्नच नव्हता. कडाक्याच्या थंडीत मासा पाण्याबाहेर राहिला तर त्याचे कल्ले आणि डोळे गोठायला लागतात, म्हणून फोटोच्या भानगडीत न पडता तिला लगेच खाली सोडलं. डोकं खाली करून धरली, तशी एका हिसक्यात गेली.

पलीकडच्या भोकावरचे एक वयस्क गृहस्थ हे सगळं बघत होते. "सोडलीत कशाला?" त्यांनी विचारलं. मी अंड्यांचं सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मात्र उठून आले आणि गळ कसा काढला ते विचारू लागले, कारण बर्बॉट बहुतेकदा आमिष खोल गिळतो. माझा गळ नशिबाने ओठाच्या कडेला अडकला होता. त्यांना म्हटलं, हातमोजा काढून हात ओला करायचा, वेढा पडला तर झटकायचा नाही, लांब चोचीच्या पकडीने गळ आला त्याच वाटेने मागे घ्यायचा. आणि फारच खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोर तोंडाशी कापून मासा सोडून द्यायचा. त्यांनी माझी पकड हातात घेऊन उघडझाप करून पाहिली.