आमची वाटचाल : चटयांच्या गावातून किनाऱ्याच्या वाळूपर्यंत

जळगाव एमआयडीसीत चटया, पाइप, ठिबकचे सुटे भाग करणारे पुष्कळ. आमचीही सुरुवात डबे-झाकणांचीच. आता मुख्य माल मरिनेली बीकर : बुडाला खोल खाच असलेलं एक लिटरचं भांडं. ते डिटेक्टरवर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रावर, टोपीसारखं बसतं आणि नमुना त्याला वरून व चहूबाजूंनी वेढतो. अणुवीजकेंद्राजवळच्या किनाऱ्यावरची वाळू आणि गाळ यांतलं सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य मोजायला हे लागतं.

दिसायला डबाच, पण खाच डिटेक्टरपेक्षा जेमतेम एक-दोन मिलिमीटर मोठी. पॉलिप्रॉपिलीन आकसतं, ८० मिलिमीटर व्यासावर दीड टक्का म्हणजे १.२ मिलिमीटर गेलेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला की कुलिंगचं पाणीच कोमट होतं, आणि घाईनं काढलेला नग लंबगोल होतो. असं भांडं तिरकं बसतं, कॅलिब्रेशन, म्हणजे डिटेक्टरची ठरवून घेतलेली मोजणी, वाया जातं. म्हणून उन्हाळ्यात चिलर चालू ठेवतो, साच्यातला वेळ वाढवतो आणि मापाचं गेज २४ तासांनीच लावतो, कारण साच्यातून निघाल्यावरही माल आकसत राहतो.

प्लास्टिकचा दाणा नवाच वापरतो. रिप्रोसेस दाण्यात कसली भर आहे याचा भरवसा नाही. काच तर नकोच, तिच्यात पोटॅशियम असू शकतं, तेही थोडं किरणोत्सारी असतं, आणि एक ग्रॅम पोटॅशियम सेकंदाला सुमारे ३१ विघटनं देतं. (आपली केळीही त्यातलीच. घाबरू नका, खा.)

अर्ध्या तक्रारी मात्र भांड्याच्या नसतात, नमुन्याच्या असतात. त्यामुळे आता बीकरसोबत १० सेंटिमीटर व्यासाची, ५ सेंटिमीटर उंचीची स्टीलची रिंगही देतो. एका जागी वाळूत दाबून तीन रिंगा भरून घ्या, म्हणजे साधारण १,१७८ घनसेंटिमीटर. शिंपले-खडे काढून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, ठोकून खुणेपर्यंत भरा. ठोकलं नाही तर वाटेत वाळू बसते, पातळी उतरते. २० टक्के पाणी असलेली वाळू तशीच तोलली, तर किलोमागचा आकडा तेवढाच कमी येतो. रेडियम मोजायचं असेल तर झाकण टेपनं बंद करून तीन-चार आठवडे थांबा; सीझियमला थांबायची गरज नाही.

जागा निवडतानाही चूक होते. सीझियम चिकणमातीला धरून राहतं, स्वच्छ वाळूला फारसं नाही. तेव्हा खाडीच्या चिखलाचा नमुना हवाच. शिवाय जुन्या अणुचाचण्यांचं सीझियम सगळीकडे थोडंफार आहे, म्हणून तुलनेचा नमुना लागतो. गुजरातमधल्या काकरापार अणुवीजकेंद्राच्या खालच्या अंगाला तापीचा गाळ तपासायचा, तर वरच्या अंगाचा, म्हणजे आपल्या प्रकाशा गावाकडचाही घ्यायला हवा.

सोडियम आयोडाइड डिटेक्टर असेल तर आणखी एक घोळ. सीझियमच्या गॅमा किरणांची रेषा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, नैसर्गिक बिस्मथ-२१४ ची ६०९ वर. डिटेक्टरचं विभेदन, म्हणजे शिखराची रुंदी, ७ टक्के, म्हणजे ४६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. दोन्ही शिखरं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि नैसर्गिक वाळू सीझियमची म्हणून नोंदली जाते. जर्मेनियम डिटेक्टरमध्ये ही अडचण येत नाही.

स्कॉटलंडमधल्या डूनरे या जुन्या अणुकेंद्राच्या किनाऱ्यावर वाळूच्या कणाएवढे किरणोत्सारी कण सापडत आले आहेत. तिथं रिंगेत कण येईल याची शक्यता नगण्य. चाकांवरचा डिटेक्टर फिरवून पट्टा न् पट्टा झाडावा लागतो. त्यातही साडेपाच सेंटिमीटर वाळू सीझियमचे निम्मे गॅमा किरण अडवते. अशा कामासाठी कुणी बीकर मागितले, तर ऑर्डर घेण्याआधी आम्ही हे सांगतो.